शेवटच्या रांगेतून कार्यक्रम कसा दिसतो?

गणपती उठले की नाशिककरांच्या डायऱ्या भरू लागतात. नवरात्र, कोजागरी, दिवाळी पहाट, शाळा-महाविद्यालयांची संमेलने, मे महिन्यात गोदाघाटावरच्या व्याख्यानांची गर्दी. या वेळच्या टपालात अशा मोठ्या कार्यक्रमांच्या आयोजकांचे प्रश्न बरेच होते. त्यांतले निवडक येथे घेतले आहेत. एकच विषय असलेली पत्रे एकत्र केली आहेत.

आमच्या वसाहतीचा कोजागरीचा कार्यक्रम मैदानावर होतो. तीन हजारांच्या आसपास लोक येतात. गायक चांगले असतात, साउंडही दणदणीत असतो. तरी मागच्या निम्म्या खुर्च्यांवर गप्पा चालतात आणि नऊ वाजले की मागूनच लोक उठायला लागतात. मसाला दूध आधी वाटून पाहिले, शेवटी वाटून पाहिले. फरक नाही. (इंदिरानगर)

दुधाचा दोष नाही. मागच्यांना कार्यक्रम पोहोचतच नाही, म्हणून ते आपला वेगळा कार्यक्रम सुरू करतात.

आधी मैदान मोजा. प्लास्टिकच्या एका खुर्चीला रांगेसकट साधारण अर्धा चौरस मीटर लागतो. मधल्या वाटा धरल्या की माणशी ०.६५. तीन हजार खुर्च्यांना जवळपास २,००० चौरस मीटर जागा लागते, म्हणजे ४० मीटर रुंद आणि ५० मीटर खोल. मंचापुढे पाच मीटर मोकळे सोडले तर शेवटची रांग मंचापासून ५५ मीटरवर गेली.

आता आवाज. मोकळ्या मैदानात साध्या स्पीकरचा आवाज अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबलने उतरतो. पाच मीटरवर ९५ डेसिबल असेल, तर ५५ मीटरवर ७४ च्या आसपास उरतो. बसलेल्या गर्दीची कुजबुज, भांडी आणि लहान मुले मिळून ६५ ते ७० होतातच. शब्द नीट कळायला आवाज त्या गोंगाटाच्या किमान १० ते १५ डेसिबल वर हवा. तो तसा नाही, म्हणून मागचा माणूस गाण्याचे शब्द सोडून देतो. मग मागून ओरड होते, साउंडवाला पुढचे स्पीकर वाढवतो, पहिल्या दहा रांगा कानात बोटे घालतात आणि मागे तरी कळत नाही.

उपाय म्हणजे जास्त मोठे स्पीकर नव्हेत, जास्त ठिकाणी लहान स्पीकर. मंचापासून ३० मीटरवर दोन्ही बाजूंना एकेक डिले टॉवर, म्हणजे आवाज किंचित उशिराने सोडणारा स्पीकरचा खांब, उभा करा. आपल्या थंडीच्या सुरुवातीच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४६ मीटर जातो. ३० मीटरला त्याला ८७ मिलिसेकंद लागतात. टॉवरचा आवाज तेवढाच मागे ठेवावा लागतो, नाहीतर मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. त्यावर आणखी १० ते १५ मिलिसेकंद वाढवा, म्हणजे एकूण १०० च्या आसपास. ही वाढ दिली की कानाला आवाज टॉवरमधून नव्हे, मंचावरून आल्यासारखा वाटतो, कारण पहिल्यांदा पोहोचलेल्या आवाजाच्या दिशेवर मेंदू विश्वास ठेवतो. साउंडवाल्याला ‘डिले किती ठेवलाय?’ एवढे विचारा. उत्तरात आकडा आला नाही तर टॉवर नुसते उभे केलेत असे समजा.

याचा दुसरा फायदा कायद्याचा आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल तेवढाच चालतो. अनेक मंडळे ७५ चा आकडा धरून बसतात. रहिवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ आहे, म्हणून हद्दीवर ६५ च. एका टोकाला प्रचंड आवाज करून हे साधत नाही. लहान टॉवर आतल्या बाजूला वळवून, खाली झुकवून लावले तर साधते.

दिसण्याचे गणित आवाजापेक्षाही कठोर आहे. सपाट जमिनीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यापेक्षा पुढच्याचे डोके साधारण १२ सेंटीमीटर वर असते. रांगांत ९० सेंटीमीटरचे अंतर असेल, तर शेवटच्या रांगेतल्याला पुढच्याच्या डोक्यावरून जी रेषा मिळते ती मंचापाशी त्याच्या डोळ्याच्या पातळीपेक्षा सात मीटरहून जास्त उंचीवर निघते. तेवढा उंच मंच कोणी बांधणार नाही. म्हणून मंच दीड मीटर पुरे. खुर्च्या मात्र एकीमागे एक न लावता विटांच्या बांधणीसारख्या अर्ध्या खुर्चीने सरकवून लावा, आणि पडद्याची खालची कड जमिनीपासून सव्वादोन ते अडीच मीटरवर ठेवा. मंडपवाला कुरकुर करतो, कारण विटांसारखी मांडणी मोजून लावावी लागते. पण खर्च शून्य आहे.

पडद्यावर वाचण्याचा मजकूर असेल तर पडद्याच्या उंचीच्या आठ पट अंतरापर्यंत तो सुखाने वाचता येतो. साडेतीन मीटर उंच पडदा २८ मीटरपर्यंत चालतो. त्यापलीकडच्या पंचवीस मीटरसाठी डिले टॉवरच्याच जागी तीन मीटर उंचीचे दोन पडदे लावा. बजेट नसेल तर मजकूर दाखवूच नका, गायकाचा चेहरा आणि बोटे दाखवा. मागच्या माणसाला पेटीवर फिरणारी बोटे दिसली की तो ऐकायला लागतो. कॅमेरा दोन, त्यातला एक फक्त जवळच्या दृश्याला.

एलईडी वॉल भाड्याने घेतली. मागे झगमगाट आणि मंचावरचे वक्ते काळे. फोटोही तसेच आले. (सिडको)

बाहेर वापरायचे पॅनेल भर उन्हात दिसावे म्हणून ४,५०० ते ५,००० निट्स तेजाचे असतात. रात्री ते पूर्ण तेजावर ठेवणे म्हणजे वक्त्याच्या पाठीशी मोटारीचे दिवे लावणे. रात्री १५ ते २५ टक्के पुरते. वक्त्याच्या चेहऱ्यावर समोरून, साधारण ४० अंशांच्या कोनातून, दोन्ही बाजूंनी उबदार पांढरा प्रकाश द्या. मागे चालणारी फुलापानांची हलती चित्रे बोलण्याच्या वेळी बंद ठेवा. नजर हलत्या गोष्टीकडेच जाते.

आणि पिक्सेलची बारीकसारीक किंमत मोजू नका. पिच, म्हणजे दोन पिक्सेलमधले अंतर, जितके मिलिमीटर, साधारण तितक्या मीटरवरून चित्र गुळगुळीत दिसते. पहिली रांग सहा मीटरवर असेल तर पी-४.८ पुरते. पी-२.९ चे जादा भाडे कॅमेऱ्यावर खर्च करा.

गोदाघाटावर हजारो लोकांनी एका तालात टाळ्या वाजवायच्या आणि गाणे म्हणायचे अशी कल्पना होती. पुढचे लोक बरोबर, मागचे अर्धा ठेका उशिरा. शेवटी नुसता गोंधळ. लोकांना ताल नाही का? (पंचवटी)

लोकांना ताल आहे. हवेला वेळ लागतो.

मंचापासून १०० मीटरवरच्या माणसाला ठेका ०.२९ सेकंद उशिरा ऐकू येतो. तो ऐकल्याबरहुकूम टाळी देतो. ती टाळी परत मंचाकडे यायला आणखी ०.२९ सेकंद. म्हणजे मंचावरच्या वादकाला मागची टाळी ०.५८ सेकंद उशिरा ऐकू येते. मिनिटाला १२० ठोक्यांची लय असेल तर दोन ठोक्यांत अंतर अर्धा सेकंद. मागची टाळी पूर्ण एका मात्रेहून जास्त मागे पडली. वादक तिच्याबरोबर राहायला जातो आणि लय खाली ओढतो. मग पुढचेही बिघडतात. दगडी पायऱ्या आणि समोरच्या तीरावरच्या भिंतींवरून येणारा पडसाद आणखी भर घालतो.

चार गोष्टी करून पाहा.

लय ६० ते ७० वर आणा. एक सेकंदाच्या अंतरात ०.२९ चा उशीर खपून जातो, गर्दीची टाळी थोडी पसरट वाटते एवढेच.

कानाऐवजी डोळ्यांना ठेका द्या. प्रकाशाला १०० मीटर म्हणजे काहीच नाही. मंचावर उंचावर एक माणूस भगव्या किंवा पांढऱ्या कापडाने मोठा हात देईल, त्याला पडद्यावर दाखवा. पडदाही दोन-चार फ्रेम उशिरा असतो, पण तो उशीर सगळ्यांना सारखा असतो, त्यामुळे चालतो. ढोलपथकात टोल वाढला की पुढचा माणूस हात वर करून इशारा देतो आणि मागचे त्याला बघून वाजवतात. तेच तत्त्व.

एकाच वेळी म्हणायला लावू नका. पुढून एक ओळ, मग दोन सेकंद मोकळी जागा, मग गर्दीचे उत्तर. उत्तर पसरले तरी मोकळ्या जागेत सामावते. आरतीतले ‘जयदेव जयदेव’ कितीही मोठ्या गर्दीत जमते ते याचमुळे.

चौथी गोष्ट आपल्या जिल्ह्यातच पाहायला मिळते. त्र्यंबकेश्वरहून निघणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीत मैलभर लांबीच्या रांगेतली माणसे एकाच ठेक्यावर गात नाहीत. दिंड्या वेगळ्या, प्रत्येकीचा वीणेकरी वेगळा, मृदंग वेगळा. दिंडी एवढी लहान असते की मृदंग शेवटच्या टाळकऱ्यापर्यंत वेळेत पोहोचतो. घाटावरच्या गर्दीचे तीस-तीस मीटरचे भाग करा, प्रत्येक भागात एक मृदंग किंवा ढोलकी आणि एक इशारा देणारा ठेवा. पूर्ण गर्दी एकत्र फक्त समेवर आली तरी अंगावर काटा येतो. मधल्या मात्रांचा हट्ट सोडा.

कार्यक्रम साडेसहाचा, मुख्य कलाकार साडेआठला. मधले दोन तास दीपप्रज्वलन, प्रास्ताविक आणि सत्कार. पाहुणे नाराज न होता हे कसे कापावे? (गंगापूर रोड)

हे सगळ्यात जास्त पत्रांत विचारले आहे, आणि कार्यक्रम बुडण्याचे सर्वांत मोठे कारणही हेच.

एक सत्कार घड्याळ लावून मोजा. नाव पुकारणे १० सेकंद. खुर्चीतून उठून मंचावर येणे ३०. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह २५. फोटोसाठी थांबणे १५. परत जाणे २०. झाले १०० सेकंद. वीस जणांचे ३३ मिनिटे २० सेकंद. यात शाल सापडत नाही तो वेळ धरलेला नाही. यांतले ७५ सेकंद चालणे, थांबणे आणि पुकारणे यांचे आहेत, सन्मानाचे नव्हेत. तेच कापायचे.

सत्कारमूर्तींना मंचाजवळच्या पहिल्या रांगेत, एका ओळीत, पुकारण्याच्या क्रमाने बसवा. नाव घेतले की ते जागीच उभे राहतील, त्यांच्यावर एक दिवा येईल, कॅमेरा त्यांचा चेहरा पडद्यावर दाखवेल, आणि तोवर बाजूला उभे असलेले दोन स्वयंसेवक शाल घालतील. एका सत्काराला २० ते २५ सेकंद. वीस जणांचे आठ मिनिटांत उरकते आणि पडद्यावर चेहरा मोठा दिसल्यामुळे मंचावर येण्यापेक्षा मान जास्तच मिळतो. पाहुण्यांना हे आदल्या दिवशी फोनवर सांगा, जागेवर नव्हे. नारळ वजनाचा आणि अडचणीचा. तो गाडीत पोहोचवा.

मंचावर खुर्च्या पाचपेक्षा जास्त नकोत. सहावी ठेवली की बारावीही ठेवावी लागते.

कार्यक्रमपत्रिका मागून पुढे लिहा. लाउडस्पीकर रात्री १० वाजता बंद. शासनाने ठरवून दिलेल्या मोजक्या दिवशीच मध्यरात्रीपर्यंतची सूट असते, तुमचा दिवस त्यात आहे का ते पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्या. म्हणजे शेवटचा सूर ९.५० ला. त्याआधी मुख्य कलाकाराचे ७५ मिनिटे, म्हणजे ८.३५. असे मागे येत गेलात की सुरुवातीला भाषणांना खरोखर किती जागा आहे ते कागदावरच दिसते, वाद घालावा लागत नाही. तक्त्यात पाच रकाने पुरतात: वेळ, किती मिनिटे, मंचावर कोण, माइक कोणते, दिवे-पडद्यावर काय. एक प्रत साउंडकडे, एक दिव्यांकडे, एक निवेदकाकडे, एक विंगेत उभ्या असलेल्या माणसाकडे. त्या माणसाला दुसरे कोणतेही काम देऊ नका, पाहुण्यांना पाणी नेऊन देण्याचेसुद्धा नाही.

प्रमुख पाहुणे उशिरा येणार हे गृहीत धरा. ठरल्या वेळी पाहुण्यांशिवाय सुरू होऊ शकेल असा बारा मिनिटांचा तुकडा पहिला ठेवा: समूहगीत, वादन, काहीही. वेळेवर आलेल्या प्रेक्षकाला खुर्ची सावरता सावरता काहीतरी मिळाले पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी तोही उशिरा येतो.

आभार शेवटच्या कलाकृतीच्या आधी माना. नंतर मानायचे ठरवलेत तर रिकाम्या खुर्च्यांचे मानाल.

दोन तुकड्यांमधली मोकळी जागा हाही मोठा चोर आहे. तबला उचलून नाचासाठी मंच साफ करायला चार मिनिटे लागतात आणि अशा सहा जागा असतात. शक्य असेल तर पुढच्या वादकांचा चौथरा मंचाच्या एका बाजूला आधीच लावून झाकून ठेवा. निवेदकाला नव्वद सेकंदांचा मजकूर द्या. त्याहून लांब लिहिला तर तो कविता म्हणायला लागतो.

प्रेक्षकांनी क्यूआर कोड स्कॅन करून मत द्यायचे, निकाल पडद्यावर. चाचणीत उत्तम चालले, प्रत्यक्षात चक्र फिरत राहिले. (सातपूर)

चाचणी दहा जणांनी केली असेल. पाच हजार जण एका मैदानात असले की सगळे फोन एक-दोन टॉवरच्याच वाट्याला येतात, आणि त्यातले निम्मे तेव्हाच व्हिडिओ पाठवत असतात. कंपनीकडून फिरता टॉवर मिळत नसेल तर नेटवर्क नाही असेच धरून आखणी करा.

नेटवर्कशिवाय चालणाऱ्या गोष्टी जास्त मजेदार असतात. प्रत्येक खुर्चीवर एक बाजू लाल, दुसरी निळी असे १५ गुणिले २० सेंटीमीटरचे जाड कार्ड ठेवा. प्रश्न विचारला की सगळ्यांनी एकदम वर करायचे. मंचावरून कॅमेरा गर्दीवर फिरवा आणि ते दृश्य पडद्यावर द्या. लोकांना निकालाच्या आकड्यापेक्षा स्वतःला बघण्यात रस असतो. मोबाइलचा टॉर्च नेटवर्कशिवाय चालतो. तो एका कार्यक्रमात एकदाच वापरावा, दुसऱ्यांदा निम्मे हात वर येतात.

यासाठी प्रेक्षकांवर थोडा उजेड हवा, पूर्ण उजेडाच्या पाव भाग पुरे. काळोखात बसलेला माणूस बघतो. उजेडात, शेजारच्याचा चेहरा दिसत असताना, तो भाग घेतो.

प्रश्नोत्तरे असतील तर प्रश्न आधी चिठ्ठीवर किंवा संध्याकाळी सहापर्यंत व्हॉट्सअॅपवर मागवा. खुला माइक द्यायचाच असेल तर स्वयंसेवकाने तो आपल्या हातातून सोडू नये. सुटलेला माइक भाषण होऊन परत येतो.

घाटाजवळच्या पटांगणात कार्यक्रम आहे. चार हजार लोक अपेक्षित. प्रवेशद्वारे किती ठेवावीत? मंडपवाला दोन कमानी म्हणतो. (जुने नाशिक)

या शहराला हा प्रश्न हलकेपणाने घेता येत नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरीत ३९ जणांचा जीव गेला.

गणित आत येण्याचे नसते, बाहेर पडण्याचे असते. माणसे तासभर येत राहतात आणि एकदम जातात. ब्रिटनच्या क्रीडांगण-सुरक्षेच्या मार्गदर्शिकेत सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ आणि पायऱ्यांवर ६६ माणसे असा वरचा दर धरतात. आपल्याकडे कडेवर मूल, हातात चपला, सोबत आजी. दर ५० धरा. चार हजार माणसे आठ मिनिटांत बाहेर काढायची, तर ४,००० भागिले ४००, म्हणजे दहा मीटर एकूण रुंदी हवी. आता सर्वांत मोठे दार आगीने किंवा पडलेल्या कमानीने बंद झाले असे समजा. दोन कमानी पाच-पाच मीटरच्या असतील, तर निम्मी वाट गेली. अडीच मीटरची पाच दारे ठेवा: एक बंद पडले तरी दहा मीटर शिल्लक राहतात. ही दारे एकाच बाजूला नकोत आणि त्यातली एक-दोन तरी घाटाच्या उताराकडे न जाणारी हवीत.

दार रुंद ठेवून बाहेर चहाची गाडी आणि दुचाकी उभ्या राहिल्या तर हिशेब वाया गेला. दाराबाहेरचे वीस मीटर मोकळे ठेवण्याचे काम नाव घेऊन कोणाला तरी द्या. एका दारातून जाणारे-येणारे समोरासमोर येऊ नयेत. अग्निशमनाची गाडी थेट मंचापर्यंत येईल अशी साडेचार मीटरची एक वाट राखा. तिथे खुर्ची ‘थोडा वेळ’ सुद्धा टाकू नये.

उभ्या गर्दीत चौरस मीटरला चार माणसे ही वरची मर्यादा समजा. पाचच्या पुढे माणूस स्वतःच्या मनाने हलत नाही, गर्दी त्याला हलवते. मोजायला यंत्र लागत नाही. मंचासमोर दोन मीटर बाय दोन मीटरचा चौकोन चुन्याने आखून ठेवा आणि उंचावरच्या स्वयंसेवकाला त्यातली डोकी दर पाच मिनिटांनी मोजायला सांगा. सोळा झाली की प्रवेश थांबवायचा. गर्दी लाटेसारखी डोलायला लागली किंवा लोक हात छातीशी घेऊन माना वर करू लागले, तर मोजत बसू नका, संगीत थांबवा.

मंचावरून काहीही फेकू नका. टी-शर्ट, फुले, चॉकलेट, प्रसाद, काहीच नाही. फेकलेली वस्तू पन्नास माणसांना एका बिंदूकडे ओढते आणि मागच्यांना कारण कळत नाही, ते नुसते ढकलतात.

प्लास्टिकच्या खुर्च्या पळापळीत आडव्या होतात आणि पाय अडकतात. चार-चार खुर्च्यांचे मागचे पाय सुतळीने किंवा केबल टायने बांधून घ्या. चौदा खुर्च्यांनंतर वाट हवीच.

संकटात बोलायचे वाक्य आधीच लिहून निवेदकाच्या फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवा: काय करायचे, कोणत्या दाराने, शांत शब्दांत. ‘घाबरू नका’ म्हणू नका, त्यानेच लोक घाबरतात. ‘डाव्या हाताच्या भागातल्यांनी निळ्या दाराने सावकाश बाहेर यावे’ असे म्हणा. त्यासाठी दारांना आधीच रंग हवेत आणि निवेदकाने सुरुवातीलाच ते एकदा दाखवलेले हवेत.

शेवटी सगळे दिवे एकदम लावून ‘कार्यक्रम संपला’ असे जाहीर करू नका. मुख्य कलाकारानंतर दहा मिनिटे हलके संगीत चालू ठेवा, दूध किंवा प्रसादाचे वाटप दारापासून दूर आतल्या टोकाला ठेवा. काही जण लगेच निघतात, काही रेंगाळतात, आणि गर्दी आपोआप विरळ होत बाहेर पडते.

मोकळ्या शेतजमिनीवर ट्रस (धातूच्या नळ्यांची चौकट) उभारून सहा बाय साडेतीन मीटरचा पडदा टांगणार आहोत. वारा किती चालतो? (सिन्नर)

पडदा म्हणजे शीड. ताशी ५४ किलोमीटरचा वारा २१ चौरस मीटरच्या पडद्यावर सुमारे ३०० किलोचा जोर लावतो. सपाट चौकोनी आकारामुळे प्रत्यक्षात ४०० धरा. वारा दुप्पट झाला की जोर चौपट. हा जोर चार मीटर उंचीवर लागतो असे समजले आणि ट्रसचा पाया पुढून मागे दोन मीटर असेल, तर उलटू नये म्हणून वाऱ्याच्या बाजूच्या पायावर ८०० किलो तरी वजन हवे. वारा कोणत्याही बाजूने येतो, म्हणून पुढे चार आणि मागे चार, असे २०० लिटरचे पाण्याने भरलेले पिंप ठेवा. हा किमान आकडा आहे. ट्रस पुरवणाऱ्याकडून अभियंत्याच्या सहीचा दाखला मागा. नुसते खुंटे ठोकून काळ्या जमिनीवर भरवसा ठेवू नये, पावसाच्या एका सरीने ती सैल होते.

हातात धरायचे वारामापक यंत्र घ्या. झोत ताशी ३० ला पोहोचला की सावध, ४० ला पडदा खाली आणि त्याच्या पुढची-मागची जागा रिकामी. हा निर्णय कोण घेणार ते आधी ठरवा. कलाकार मंचावर असताना समितीची बैठक भरत नाही. मे महिन्यातल्या वळवाच्या आधी पाच-दहा मिनिटे जो वारा सुटतो तोच धोक्याचा. पाऊस नंतर येतो.

पावसाळ्यात नदीकाठी कार्यक्रम असेल तर आभाळाकडे बघून भागत नाही. इथे ऊन असले तरी गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदावरी चढते. नदीतल्या दुतोंड्या मारुतीला, म्हणजे इथल्या पुराच्या मापाला, पाणी लागल्यावर केबल गोळा करायला वेळ उरत नाही.

जनरेटर किती केव्हीएचा घ्यावा? (नाशिक रोड)

उपकरणांचे वॉट जोडा. उदाहरणार्थ: तीन पडदे मिळून ४५ चौरस मीटर, चौरस मीटरला ६०० वॉट कमाल, म्हणजे २७ किलोवॉट. साउंड १२, दिवे १०, स्टॉल ८. बेरीज ५७. किलोवॉटला ०.८ ने भागले की केव्हीए, म्हणजे ७१. पण यंत्र पूर्ण भारावर चालवू नये. म्हणून ६२.५ केव्हीएचे दोन घ्या: एकावर साउंड आणि दिवे, दुसऱ्यावर पडदे आणि स्टॉल. भजी तळणाऱ्याने हीटर लावला तर पडदा जाईल, आवाज जाणार नाही. आवाज असेल तर गर्दी सांभाळता येते.

डिजिटल मिक्सर आणि पडद्याचा प्रोसेसर छोट्या यूपीएसवर ठेवा. वीज सेकंदभर गेली तरी ती यंत्रे पुन्हा सुरू व्हायला मिनिट-दोन मिनिटे घेतात. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सैल झाला तर २३० व्होल्टच्या उपकरणात ४०० पर्यंत घुसू शकतात आणि एका झटक्यात सगळे जळते. न्यूट्रलचा नट स्वतः बघा, अर्थिंगही. प्रेक्षकांच्या वाटेवरच्या केबलवर रबरी रॅम्प हवा आणि प्रत्येक फाट्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच).

मध्यंतरानंतर महिला प्रेक्षक निम्म्या होतात. दुसरा भाग कंटाळवाणा आहे का? (देवळाली कॅम्प)

दुसऱ्या भागाआधी स्वच्छतागृहे मोजा. तीन-चार तासांच्या कार्यक्रमाला दर शंभर महिलांमागे एक धरतात. पंधराशे महिला असतील तर पंधरा. बहुतेक मैदानांवर चार असतात, त्यातल्या दोनांत दिवा नसतो. वीस मिनिटांच्या मध्यंतरात एकीला दोन मिनिटे धरली तर चार ठिकाणी चाळीस जणी होतात. बाकीच्या घरी जातात, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे कुटुंबही. आत दिवा, कडी, पाणी आणि पिशवी अडकवायला हूक हवा. तिथे जाणारी वाट उजेडाची हवी आणि पुरुषांच्या रांगेसमोरून जाणारी नको. मध्यंतर अर्ध्या तासाचे करण्यापेक्षा स्वच्छतागृहे दुप्पट केलेली स्वस्त पडतात. पुढच्या वेळी मध्यंतर संपल्यावर पाच मिनिटांनी रांगेत किती जणी उभ्या आहेत ते मोजा, आणि त्यांना लागेल तेवढा वेळ निवेदकाला सुरुवात लांबवायला सांगा.